उडत्या तबकड्यांविषयी नागरिकांनी विचारले, गुप्तचर खात्यांनी काय उत्तर दिले?

कागदकीडा (मूळ लेखन)

१९८० साली वॉशिंग्टनच्या एका न्यायालयात असा खटला चालला की त्यात वादी कोण, प्रतिवादी कोण आणि निकाल काय हे सगळे जाहीर होते, फक्त निकालामागचे खरे कारण जाहीर नव्हते. 'सिटिझन्स अगेन्स्ट यूएफओ सीक्रसी' या नागरिकांच्या गटाने माहिती स्वातंत्र्य कायद्याखाली नॅशनल सिक्युरिटी एजन्सीकडे, म्हणजे एनएसएकडे, उडत्या तबकड्यांविषयीची कागदपत्रे मागितली होती. शोधात २३९ कागद सापडले, परंतु त्यांतले १५६ परकी संदेशवहन चोरून ऐकण्यातून हाती आलेले असल्यामुळे देता येणार नाहीत, असे संस्थेने कळवले. का देता येणार नाहीत याचा खुलासा युजीन येट्स या अधिकाऱ्याने २१ पानी शपथपत्रात केला, पण ते शपथपत्रही इतके गोपनीय होते की न्यायाधीश गेरहार्ड गेसेल यांनी ते आपल्या दालनात एकट्याने वाचले आणि वादींना न दाखवताच संस्थेच्या बाजूने निकाल दिला. १९८२ मध्ये ते वादींच्या हाती पडले तेव्हा त्याच्या पानांवर मजकूर कमी आणि काळी शाई जास्त होती.

त्या शाईखाली परग्रहवासी दडलेले आहेत, असे पुष्कळांनी गृहीत धरले. पुढे शाई बऱ्याच अंशी हटवली गेली तेव्हा निघाले ते असे की, परक्या देशांची लष्करी माणसे आकाशातल्या कुठल्याशा अनोळखी वस्तूबद्दल आपापसांत जे बोलली ते अमेरिकेने ऐकून टिपले होते. त्यांचे ते बोलणे लपवण्याजोगे नव्हते. आपण ते कुठे बसून, कोणत्या यंत्राने ऐकले, हे मात्र कोणालाही कळू द्यायचे नव्हते. या विषयावरची खुली झालेली कागदपत्रे मी बरीच वर्षे वाचतो आहे आणि माझे मत असे बनले आहे की गुप्तचर खात्यांना दिसलेल्या वस्तूपेक्षा पाहणारा डोळा जपायचा असतो, आणि नागरिकाचा प्रश्न तर नेहमी वस्तूबद्दलच असतो. विचारणारा एका गोष्टीबद्दल विचारतो आणि उत्तर देणारा दुसऱ्याच गोष्टीची राखण करत बसतो.

या व्यवहाराची सुरुवात विनोदी आहे. २४ जून १९४७ रोजी केनेथ अर्नोल्ड या वैमानिकाला वॉशिंग्टन राज्यातील रेनियर पर्वताजवळ नऊ चकाकत्या वस्तू दिसल्या, 'उडती तबकडी' हा शब्द वृत्तपत्रांत रुजला आणि देशभरातून तबकड्या दिसल्याच्या बातम्यांचा पाऊस पडू लागला. हवाई दलाने एफबीआयची मदत मागितली आणि ती मिळालीही. थोड्याच महिन्यांत हवाई दलाचे एक अंतर्गत पत्र एफबीआयच्या हाती लागले. त्यात लिहिले होते की ज्या तबकड्या प्रत्यक्षात राखेच्या डब्यांची झाकणे आणि शौचकूपांच्या बैठकी निघतात त्यांच्यामागे धावण्याचे काम आपल्या माणसांवर पडू नये म्हणून एफबीआयला हाताशी धरले आहे. एफबीआयचे संचालक एडगर हूव्हर यांनी त्याच वर्षीच्या सप्टेंबरात हे सहकार्य थांबवले.

सीआयएने या प्रकरणात गांभीर्याने लक्ष घातले ते १९५२ च्या जुलैनंतर. त्या महिन्यात राजधानीच्या विमानतळावरील रडारवर लागोपाठ दोन शनिवार-रविवारी अनोळखी ठिपके दिसले, लढाऊ विमाने पाठवावी लागली आणि हवाई दलाच्या गुप्तवार्ता विभागाचे प्रमुख जनरल सॅमफर्ड यांना २९ जुलैला भरगच्च पत्रकार परिषद घ्यावी लागली. जानेवारी १९५३ मध्ये सीआयएने कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे भौतिकशास्त्रज्ञ एच. पी. रॉबर्टसन यांच्या अध्यक्षतेखाली शास्त्रज्ञांचे मंडळ बसवले. पुढे नोबेल मिळालेले लुईस अल्व्हारेझ त्यात होते. मंडळाला तबकड्यांपासून धोका दिसला नाही, मात्र तबकड्यांविषयीच्या दूरध्वनी आणि पत्रांपासून दिसला. सोव्हिएत हल्ल्याच्या वेळी लोकांनी अशाच खबरींचा भडिमार केला तर खऱ्या इशाऱ्याला वाट मिळणार नाही, ही त्यांची चिंता होती. म्हणून त्यांनी सुचवले की प्रसारमाध्यमांतून या विषयाभोवतीचे गूढ उतरवावे आणि तबकड्यांचा अभ्यास करणाऱ्या खासगी मंडळांवर लक्ष ठेवावे. जिज्ञासू पत्रलेखक हा स्वतःच सुरक्षेचा विषय झाला तो तेव्हापासून, असे मी मानतो.

यानंतर दोनच वर्षांनी, ऑगस्ट १९५५ मध्ये, नेवाडातील ग्रूम लेक येथून यू-२ या टेहळणी विमानाची उड्डाणे सुरू झाली. त्या काळी प्रवासी विमाने १० ते २० हजार फुटांवरून जात आणि यू-२ तर ६० हजार फुटांच्या वर जाई. इतक्या उंचीवर माणूस उडू शकतो हेच लोकांना ठाऊक नसल्यामुळे तिथे काही चमकले की ते विमान असेल, अशी शंका कोणाला येण्याचे कारण नव्हते. लोकांची पत्रे ओहायोतील राइट-पॅटरसन तळावर, हवाई दलाच्या 'प्रोजेक्ट ब्लू बुक' या कक्षाकडे जात. तिथले तपासनीस वॉशिंग्टनमधील सीआयएच्या यू-२ विभागाला विचारून तारीख आणि वेळ उड्डाणांच्या नोंदींशी ताडून पाहत. जुळले की प्रकरण मिटले, पण फक्त कार्यालयात. पत्र लिहिणाऱ्याला खरे कारण सांगण्याची सोय नव्हती, म्हणून त्याला बर्फाचे स्फटिक किंवा तापमानातला उलटफेर यांसारखे एखादे कारण कळवले जाई. सीआयएचे इतिहासकार जेराल्ड हेन्स यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात स्वच्छ शब्दांत मान्य केले आहे की एक अतिसंवेदनशील प्रकल्प राखण्यासाठी हवाई दलाने जनतेला दिशाभूल करणारी विधाने केली.

आपापली मते आणि माझ्या चुका दोन्ही कळवाव्यात.

दुर्बीण

लेख आवडला. आकाशनिरीक्षणाची सवय असल्याने यू-२ च्या चमकण्याबद्दल थोडी भर घालतो. संध्याकाळी पूर्वेकडून पश्चिमेकडे जाणाऱ्या प्रवासी विमानातून सूर्य क्षितिजाखाली गेलेला दिसतो आणि खालची जमीन काळोखात बुडालेली असते, परंतु त्याच क्षणी त्याच्या तिप्पट उंचीवर असलेल्या विमानावर ऊन पडत असते. सुरुवातीच्या यू-२ विमानांचे अंग रंग न दिलेले, रुपेरी होते. खालच्या प्रवासी विमानाच्या वैमानिकाला आपल्या डोक्यावर, जिथे काहीच असायला नको तिथे, एक जळता ठिपका दिसे, आणि तो काही चूक पाहत नसे.

असाच खेळ दुसऱ्या बाजूलाही झाला. २० सप्टेंबर १९७७ च्या पहाटे सोव्हिएत संघातील पेत्रोझावोद्स्क शहरावर एक प्रचंड तेजस्वी, किरणे सोडणारी आकृती दिसली आणि सोव्हिएत वृत्तपत्रांतही तिची बातमी आली. प्लेसेत्स्क येथून कॉसमॉस-९५५ हा उपग्रह त्याच वेळी सोडला गेला होता आणि लोकांनी पाहिला तो त्या अग्निबाणाच्या धुराचा लोट. पण प्लेसेत्स्क येथे प्रक्षेपणकेंद्र आहे हे सोव्हिएत सरकारने १९८३ पर्यंत अधिकृतपणे मान्यच केले नव्हते, मग खुलासा करणार कोण? आकृती दिसल्यानंतर १९७८ मध्ये सोव्हिएत संघात अशा घटनांच्या अभ्यासासाठी 'सेत्का' या नावाने संरक्षण मंत्रालय आणि विज्ञान अकादमी यांचा जोडप्रकल्प सुरू झाला आणि तो १९९० पर्यंत चालला. एका हाताने आकाशात दिवा लावायचा आणि दुसऱ्या हाताने 'हे काय असावे' म्हणून समिती नेमायची, असा तो प्रकार होता.

शंकेखोर

कागदकीडा, आपल्या मांडणीतला 'डोळा आणि वस्तू' हा भेद मला पटतो. मात्र ती मांडणी संस्थांना फार सवलत देते, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिली गोष्ट यू-२ ची. आपण उल्लेखलेल्या हेन्स यांच्या लेखात असा दावा आहे की पन्नाशीच्या दशकाच्या उत्तरार्धापासून साठीच्या दशकापर्यंतच्या निम्म्याहून अधिक तबकड्या म्हणजे यू-२ आणि तिच्यानंतरची ऑक्सकार्ट विमाने होती. २०१४ मध्ये सीआयएने ट्विटरवरही 'ते आम्हीच होतो' अशा अर्थाचे विधान मोठ्या ऐटीत केले. पण ब्लू बुककडे सर्वाधिक खबरी आल्या त्या १९५२ मध्ये, तब्बल १,५०१, आणि तेव्हा यू-२ कागदावरही नव्हते. सीआयएची सुरुवातीची मागणी अवघ्या वीस विमानांची होती. एवढ्याशा ताफ्याने देशभराच्या निम्म्या खबरी कशा निर्माण केल्या, याचा हिशेब कोणी मांडून दाखवलेला माझ्या वाचनात नाही. जी संस्था पूर्वी खोटी कारणे देत होती तीच आज तितक्याच सोयीचे खरे कारण देते आहे, तेव्हा ते तपासून घेतलेले बरे.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. ब्लू बुक १७ डिसेंबर १९६९ रोजी बंद झाल्याचे जाहीर झाले, १२,६१८ नोंदींपैकी ७०१ अनिर्णित राहिल्या आणि नागरिकांना सांगण्यात आले की यापुढे हवाई दल असल्या खबरींचा तपास करत नाही. पण त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ब्रिगेडियर जनरल बोलेंडर यांनी कक्ष बंद करण्याची शिफारस करणारे जे टिपण लिहिले, त्यात असे नमूद आहे की राष्ट्रीय सुरक्षेशी संबंध येऊ शकेल अशा खबरी ब्लू बुकच्या व्यवस्थेचा भागच नव्हत्या आणि त्या पूर्वीप्रमाणेच ठरलेल्या लष्करी मार्गाने जात राहतील. म्हणजे लोकांसाठी जी खिडकी उघडी ठेवली होती तिच्यामागे महत्त्वाचे दप्तर कधी नव्हतेच. खिडकी बंद झाली तेव्हा लोकांना वाटले की कार्यालय बंद झाले.

तिसरी गोष्ट माझ्या दृष्टीने सर्वांत वाईट आहे. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला अल्बुकर्की येथे कर्टलंड हवाई तळाशेजारी राहणाऱ्या एका उद्योजकाने तळावरचे दिवे चित्रित केले, काही रेडिओ संकेत टिपले, आणि हे परग्रहावरचे असावे असे समजून प्रामाणिकपणे तळावर जाऊन सांगितले. 'हे आमचे काम आहे, कृपया थांबा' एवढे त्याला सांगता आले असते. परंतु त्याच्या समजुतीला खतपाणी घालणारी बनावट माहिती त्याच्यापर्यंत पोहोचवली गेली. या कामात आपण हवाई दलाच्या प्रतिगुप्तचर विभागाला साथ दिल्याची कबुली एका तबकडी-संशोधकाने १९८९ मध्ये लास व्हेगास येथील संमेलनात भर सभेत दिली आणि सभागृहात गोंधळ उडाला. त्या उद्योजकाचे मनःस्वास्थ्य पार ढासळले. इथे कोणता डोळा राखला जात होता ते मला कळते, पण त्यासाठी एका माणसाचे डोके फिरवण्याची गरज होती का, हे कळत नाही.

कागदकीडा

शंकेखोर, यू-२ च्या आकड्याबद्दल आपण म्हणता ते मला मान्य आहे. मीही मूळ लेखात तो आकडा म्हणूनच टाळला होता. पत्रे नोंदींशी ताडून पाहण्याची पद्धत होती हे खरे, पण त्यावरून 'निम्म्याहून अधिक' कसे निघाले ते लेखातून उलगडत नाही. अल्बुकर्कीचे प्रकरण माझ्या मांडणीत बसत नाही हेही कबूल करतो. तिथे लपवणे संपून पेरणे सुरू झाले होते.

बोलेंडर टिपणाचा अर्थ मात्र मी वेगळा लावतो. रडारवर अनोळखी विमान आले तर त्याची खबर लष्करी मार्गानेच जाणार, कारण ते बहुधा सोव्हिएत विमान असणार. त्यात कपट नाही. कपट आहे ते हे जनतेला न सांगण्यात.

संस्थांच्या आत किती एकवाक्यता असते याबद्दलही आपण फार उदार आहात. 'ग्राउंड सॉसर वॉच' या गटाने १९७७ मध्ये सीआयएवर दावा लावला आणि १९७८ च्या डिसेंबरात संस्थेला सुमारे ९०० पाने शोधून त्यांतली बहुतेक द्यावी लागली. त्यानंतर 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये आलेली बातमी वाचून सीआयएचे संचालक स्टॅन्सफिल्ड टर्नर यांनी आपल्याच अधिकाऱ्यांना विचारले, 'आपण तबकड्यांच्या भानगडीत आहोत काय?' त्यांना उत्तर मिळाले की पन्नाशीच्या दशकानंतर असा कोणताही संघटित उद्योग नाही, तुरळक पत्रव्यवहार तेवढा आहे. संचालकाला घरचीच बातमी वृत्तपत्रातून कळावी यावरून मला वाटते की या कागदांवर कोणी एक नाग वेटोळे घालून बसलेला नव्हता. ते दहा विभागांच्या दहा कपाटांत पडलेले होते आणि 'आमच्याकडे काही नाही' असे लिहिणाऱ्या कारकुनाला शेजारच्या कपाटाची किल्ली मिळालेली नव्हती.

वाचनमात्र

एक साधा प्रश्न विचारतो. 'आम्ही दुजोराही देत नाही आणि इन्कारही करत नाही' हे जे प्रसिद्ध उत्तर आहे, ते तबकड्यांच्या पत्रव्यवहारातूनच आले का? आणि एफबीआयच्या संकेतस्थळावर तीन तबकड्या व नऊ मृतदेह यांचे जे पान आहे ते खरे की बनावट?

कागदकीडा

उत्तराचा उगम समुद्रात आहे. १९६८ मध्ये बुडालेली के-१२९ ही सोव्हिएत पाणबुडी उचलण्यासाठी सीआयएने 'ग्लोमार एक्स्प्लोरर' नावाचे जहाज बांधून घेतले होते. १९७५ मध्ये त्या प्रकरणाला वाचा फुटल्यावर हॅरिएट फिलिपी या पत्रकार महिलेने कागदपत्रे मागितली, तेव्हा संस्थेने असे कागद आहेत की नाहीत हेच सांगायला नकार दिला. तेव्हापासून अशा उत्तराला 'ग्लोमार उत्तर' म्हणतात. आपल्याकडे 'नरो वा कुंजरो वा' आधीपासून आहेच, फरक एवढाच की धर्मराजाला त्यासाठी रथ जमिनीवर टेकवावा लागला आणि इथे न्यायालयांनी त्या उत्तराला मान्यता दिली.

एफबीआयचे पान खरे आहे, त्यातली गोष्ट खरी असल्याचा पुरावा नाही. २२ मार्च १९५० रोजी वॉशिंग्टन कार्यालयाचे प्रमुख गाय हॉटेल यांनी ते हूव्हर यांना धाडले. एका माणसाने दुसऱ्याकडून ऐकलेले तिसऱ्याला सांगितले आणि ते या कार्यालयाने टिपून पुढे पाठवले, एवढाच त्याचा जीव आहे. अधिक चौकशी केली नाही असे खाली लिहिलेलेही आहे. २०११ मध्ये एफबीआयने आपले जुने कागद 'व्हॉल्ट' या नावाने संकेतस्थळावर ठेवले आणि हे एक पान तिथले सर्वाधिक पाहिले गेलेले पान ठरले. शेवटी २०१३ मध्ये एफबीआयलाच खुलासा काढावा लागला. गोपनीयतेने जितकी अफवा वाढते तितकीच संदर्भ न देता कागद खुला केल्यानेही वाढते, हे त्या खात्याला तेव्हा उमगले असावे.

पाणकावळा

चर्चा अमेरिकेभोवतीच फिरते आहे म्हणून ब्रिटन आणि फ्रान्सचे थोडे लिहितो, कारण त्या दोघांनी अगदी उलट वाटा धरल्या.

२८ जुलै १९५२ रोजी, म्हणजे वॉशिंग्टनमधल्या त्याच गदारोळात, पंतप्रधान चर्चिल यांनी हवाईमंत्र्यांना चिठ्ठी पाठवून विचारले की या तबकड्यांच्या प्रकाराचा अर्थ काय आणि सत्य काय आहे. त्यांना बारा दिवसांत उत्तर मिळाले: १९५१ मध्ये पूर्ण अभ्यास झालेला असून सगळ्या घटनांचा उलगडा ग्रहतारे, हवामान, विमाने, फुगे, पक्षी, दृष्टिभ्रम किंवा मुद्दाम केलेली थट्टा यांतून होतो. पंतप्रधानाला मिळालेले हे उत्तर आणि पुढे सामान्य माणसाला मिळत गेलेली उत्तरे यांचा सूर जवळजवळ एकच आहे. संरक्षण मंत्रालयाचा तबकडी-कक्ष ठरीव पत्र पाठवी. त्याचा आशय असा की ब्रिटनच्या हवाई हद्दीत शत्रूचे किंवा विनापरवाना काही शिरले का एवढेच आम्ही पाहतो, तसे दिसले नाही तर आपण नेमके काय पाहिलेत हे शोधण्याच्या फंदात आम्ही पडत नाही. हे पत्र मला फार प्रामाणिक वाटते. मिळणाऱ्याला मात्र ते तोंडावर दार लावल्यासारखे वाटत असणार.

त्या कक्षामागे संरक्षण गुप्तवार्तेचा डीआय-५५ हा विभाग होता आणि त्याच्याकडे खबरींच्या प्रती जात असत. त्याने 'काँडाइन' या नावाने केलेला चारशेहून अधिक पानांचा अभ्यास २००० साली पूर्ण झाला आणि माहिती स्वातंत्र्य कायद्याखाली मागणी झाल्यावर २००६ मध्ये बाहेर आला. त्यातही धोका नाही असेच म्हटले होते. १ डिसेंबर २००९ रोजी मंत्रालयाने तबकड्यांसाठीचा दूरध्वनी आणि कक्ष दोन्ही बंद केले. या निर्णयामागची टिपणे पुढे राष्ट्रीय अभिलेखागारात उघडी झाली तेव्हा एक मजेशीर तरतूद दिसली: यापुढे कोणी खबर दिलीच तर तिला ठरीव उत्तर द्यावे, ती तीस दिवस ठेवावी आणि मग नष्ट करावी, म्हणजे ती पुढे माहितीच्या कायद्याखाली मागता येणार नाही. १९६७ पूर्वीचे बहुतेक तबकडी-कागद पाच वर्षांनी नष्ट होत. त्या काळात निदान कारण असे होते की ते कोणाला महत्त्वाचे वाटत नव्हते. आता ते इतरांना महत्त्वाचे वाटतात म्हणून नष्ट करायचे ठरले.

फ्रान्सने १९७७ मध्ये हे काम लष्कराकडे किंवा गुप्तचरांकडे न देता तुलूझ येथील राष्ट्रीय अवकाश संस्थेच्या एका छोट्या गटाकडे सोपवले. आज त्याचे नाव 'जेपान' आहे. तिथे साक्षीदार प्रश्नावली भरून देतो, गरज पडली तर तपासनीस घरी येतो, प्रकरणाला अ ते ड अशी प्रत दिली जाते आणि साक्षीदाराचे नाव काढून अहवाल संकेतस्थळावर ठेवला जातो. २००७ पासून हे दप्तर खुले आहे. ड म्हणजे चांगली माहिती असूनही उलगडा न झालेले प्रकरण. 'आम्हाला कळले नाही' असे लिहायला या संस्थेला संकोच वाटत नाही, कारण तिला राखायचा स्वतःचा असा कोणता डोळा नाही. कागदकीडा यांच्या मांडणीला याहून चांगला पुरावा मला सुचत नाही.

रात्रपाळी

एक लहानसा स्वतःचा अनुभव. मी परदेशात असताना हौसेपोटी तिथल्या एका खात्याकडे साठीच्या दशकातल्या एका घटनेबद्दल कायद्याखाली अर्ज केला होता. कायद्यात वीस कामाचे दिवस लिहिलेले आहेत, मला चौदा महिन्यांनी पाकीट आले. आत तीन पाने होती. पहिले पान पत्राचे. दुसऱ्या पानावर तारीख, 'विषय' हा शब्द आणि शेवटचे 'आपला' एवढेच वाचता येत होते, बाकी सगळ्या चौकटी पांढऱ्या होत्या आणि प्रत्येकीच्या कडेला कलमाचा बारीक आकडा टाकलेला होता. तिसरे पान म्हणजे त्याच घटनेच्या वृत्तपत्रीय कात्रणाची झेरॉक्स होती, जी मी अर्जासोबत स्वतः जोडली होती. रागावण्यापूर्वी मी ते आकडे कायद्यात शोधून पाहिले. दोन चौकटी सोडल्या तर बाकी सगळ्या व्यक्तींची नावे झाकण्याच्या कलमाखाली होत्या, सुरक्षेच्या नव्हे. काळे किंवा पांढरे केलेले पान हाती पडले तर आधी त्या कडेच्या आकड्यांकडे पाहावे, असे तेव्हापासून मी सगळ्यांना सांगत आलो आहे.

शंकेखोर

रात्रपाळी, सूचना उपयोगी आहे. तरीही मूळ तक्रार शिल्लक राहते. ऑगस्ट २०२० मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याने आकाशातल्या अनोळखी वस्तूंच्या तपासासाठी कृती दल नेमले, जून २०२१ मध्ये राष्ट्रीय गुप्तवार्ता संचालकांच्या कार्यालयाने नऊ पानी अहवाल काढला. त्यात १४४ नोंदी होत्या आणि उलगडा झाला तो एकीचा, तो म्हणजे हवा जात चाललेला एक मोठा फुगा. नौदलाच्या विमानांतून टिपलेल्या अशा वस्तूंच्या तीन चित्रफिती संरक्षण खात्याने २०२० मध्ये अधिकृतपणे प्रसिद्ध केल्या, पण उरलेल्या मागितल्या तेव्हा २०२२ मध्ये उत्तर आले की त्या दिल्यास राष्ट्रीय सुरक्षेला बाधा येईल. तीन दिल्याने बाधा आली नाही आणि चौथीने येते, हे सामान्य माणसाने कसे समजून घ्यावे?

दुर्बीण

याचे उत्तर त्या तीन चित्रफितींतच आहे. 'गोफास्ट' या नावाच्या चित्रफितीत एक वस्तू पाण्याला चिकटून सुसाट धावते आहे असे वाटते. पडद्याच्या कडांवर विमानाची उंची, कॅमेऱ्याचा कोन आणि वस्तूपर्यंतचे अंतर यांचे आकडे आहेत. ते घेऊन नासाच्या स्वतंत्र अभ्यासगटाने २०२३ मध्ये त्रिकोणमिती केली, तेव्हा ती वस्तू सुमारे १३ हजार फुटांवर, ताशी ४० मैलांच्या आसपास निघाली, म्हणजे वाऱ्याबरोबर वाहणारे काहीही असू शकेल. धावत होते ते विमान. आता हेच आकडे शत्रूच्या अभियंत्याच्या नजरेने वाचा. हा कॅमेरा किती अंतरावरून केवढ्या वस्तूला किती वेळ धरून ठेवू शकतो, याचे ते प्रगतिपुस्तक आहे. आकडे ठेवले तर क्षमता उघडी पडते, आकडे पुसले तर वस्तूचा उलगडा होऊ शकत नाही.

फेब्रुवारी २०२३ मध्ये चिनी फुगा पाडल्यानंतर आठवड्याभरात आणखी तीन वस्तू पाडल्या गेल्या, त्याचेही कारण असेच होते. फुगे एकाएकी वाढले नव्हते. रडारच्या चाळणीतून मंद वस्तू गाळल्या जात होत्या, ती चाळणी बारीक केल्यावर त्या दिसू लागल्या. लष्कराने हे त्या वेळी उघडपणे सांगितले, आणि ते ऐकताना मला आश्चर्य वाटले होते, कारण सहसा हेच सांगितले जात नाही.

कागदकीडा

दुर्बीण यांनी मला जे सांगता आले नव्हते ते सांगितले. शेवटी एक जुने प्रकरण लिहितो, कारण पत्रलेखक आणि संस्था यांच्यातला व्यवहार इतका जवळून दुसरीकडे कुठे दिसत नाही. तेही हेन्स यांच्याच लेखात आहे.

पन्नाशीच्या दशकाच्या मध्यावर शिकागोतील दोन वयस्कर बहिणींनी रेडिओवरचा एक विचित्र संकेत ध्वनिफितीवर टिपला आणि तो अवकाशातून आला असावा असे जाहीर केले. सीआयएच्या स्थानिक कार्यालयातले अधिकारी ती फीत मागायला त्यांच्या घरी गेले. सरकारला आपल्यात रस आहे म्हणून बहिणी हरखून गेल्या. त्या एके काळी रंगभूमीवर होत्या, त्यामुळे पाहुण्यांना आधी त्यांच्या नाटकांच्या कात्रणांची वही पानापानाने पाहावी लागली आणि मगच फीत मिळाली. तपासणीत तो संकेत अमेरिकेतल्याच एका रेडिओ केंद्राचा मोर्स, म्हणजे तारयंत्राच्या लिपीतला साधा संदेश, निघाला. प्रकरण इथे संपायला हरकत नव्हती.

पण न्यूयॉर्कमधील एका रसायन अभियंत्याला या फितीचे कळले आणि त्याने पत्रे लिहायला सुरुवात केली: तो संकेत काय होता, फीत कोणी नेली, ते अधिकारी कोणत्या खात्याचे? सीआयएला आपले नाव येऊ द्यायचे नव्हते. 'मोर्स आहे, अमुक केंद्राचा आहे' असे एका पोस्टकार्डावर मावणारे उत्तर होते, परंतु ते देताना ते कोणी शोधले हे सांगावे लागले असते. म्हणून संस्थेने प्रश्न हवाई दलाकडे ढकलला, तिथून समाधान झाले नाही तेव्हा सीआयएचाच एक माणूस हवाई दलाचा अधिकारी म्हणून त्या अभियंत्याला भेटला, मी चौकशी करतो म्हणाला, आणि नंतर दूरध्वनीवरून सांगितले की संकेत मोर्सच होता, फीत आणि टिपणे मात्र कपाटातली जागा वाचवण्यासाठी नष्ट करण्यात आली आहेत.

अभियंता भडकला. तुम्ही आणि तुमची जी कोणती संस्था असेल ती, अंगाशी येणारे कागद जाळणाऱ्या कामगार पुढाऱ्यांसारखे वागता आहात, असे त्याने दूरध्वनीवरच सुनावले. त्यानंतर संबंधित विभागाने वरिष्ठांना कळवले की या गृहस्थाशी पुन्हा संपर्क साधला तर त्याचे तर्क वाढतच जातील, तेव्हा यापुढे त्याच्या पत्रांना उत्तर दिले जाणार नाही. गंमत अशी की मोर्सविषयी त्याला सांगितलेले शब्दशः खरे होते.